तानाका किनुयो: मिझोगुचींनी घडवलेली की आधीच घडलेली?

अर्धतिकीट:
काल जपानी दिग्दर्शक मिझोगुचींचा 'लाइफ ऑफ ओहारू' (१९५२) परत पाहिला. उतारवयातली वेश्या देवळात शिरते. शेकडो अर्हतांच्या (बौद्ध सिद्धपुरुषांच्या) मूर्तींत एकीवर तिला जुन्या प्रियकराचा चेहरा दिसतो. डोक्यावरचं फडकं मागे सारून ती किंचित हसते. ही भूमिका करणारी तानाका तेव्हा बेचाळीस वर्षांची. पण खरं सांगू? श्रेय मिझोगुचींचं. ते नसते तर ती शोचिकू या चित्रपट कंपनीची एक गोड नटीच राहिली असती.

मूकपटवेडी:
साफ नामंजूर. १९२४ साली चौदाव्या वर्षी ती शोचिकूत आली. पडद्यावर बायकांची कामं पुरुषांनी करायची प्रथा तेव्हा कुठे मोडत होती. सुरुवातीच्या नट्यांतल्या कुरिशिमा सुमिकोला येऊन तीनच वर्षं झालेली. गोशोंचा 'मादामु तो न्योबो' (१९३१), जपानचा पहिला यशस्वी बोलपट, त्यात हीच. ओझूंच्या १९३३च्या मूकपटात दिवसा टायपिस्ट, रात्री गुंडाची मैत्रीण. मिझोगुचींकडे पहिलं काम १९४०चं! तोवर सोळा वर्षं काय गोट्या खेळत होती?

अर्धतिकीट:
सोळा वर्षं मान्य. पण लोकांना आठवतं काय? मिझोगुचींचेच 'ओहारू', 'उगेत्सु', 'सान्शो'. १९५०मध्ये अमेरिकेहून परतली तेव्हाचं आठवा. जाताना किमोनो, येताना गॉगल, आणि स्वागताच्या गर्दीकडे हवेत चुंबनं. वर्तमानपत्रांनी सोलून काढलं. त्या गाळातून वर काढलं ते ओहारूनेच.

मूकपटवेडी:
हरलेला देश, अमेरिकी फौजा डोक्यावर. राग गॉगलवर निघाला. त्यात अभिनयाचा काय दोष? आणि तुमच्या गुरुजींचंच बघू. दिग्दर्शक नारुसेंच्या हाताखाली काम शिकून तिने १९५३मध्ये 'कोइबुमी' दिग्दर्शित केला. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी आडवं कोण आलं? दिग्दर्शक संघाचे अध्यक्ष मिझोगुची! पाठीशी उभे राहिले ते ओझू, पटकथेसकट. तरी बाईने एकूण सहा केले.

पडद्यामागे:
मधेच तोंड घालतो. तिने दिग्दर्शित केलेला 'चिबुसा यो एइएन नारे' (१९५५) पाहा. स्तनाच्या कर्करोगाने गेलेली कवयित्री नाकाजो फुमिको हिच्यावर बेतलेला. शस्त्रक्रियेनंतर नायिका मैत्रिणीच्या घरी आंघोळ करत असते, मैत्रीण आत डोकावते, आणि ही छाती झाकत नाही. दचकते ती मैत्रीण. मिझोगुचींना हे असं सुचलं असतं असं मला तरी वाटत नाही.

अर्धतिकीट:
हा पाहिलेला नाही, शोधतो. पण ओहारूचं श्रेय सोडणार नाही.

मूकपटवेडी:
अर्धं तरी सोडा. नावाला जागा.