दुकानात उघडं पिस्तूल: कायदा आपल्याला काय करू देतो?

शुगर लँडहून (टेक्सास, अमेरिका), किराणा दुकानाच्या वहिनी

नमस्कार मंडळी,

शनिवारी दुपारी आमच्या दुकानात एक माणूस कमरेला उघडं पिस्तूल लावून आला. कोथिंबीर, दूध घेतलं, पैसे दिले, गेला. बोलायला सभ्य होता. पण गल्ल्यावरची मुलगी पांढरीफटक पडली, आणि भेळ खायला बसलेलं एक कुटुंब प्लेटा तशाच टाकून निघून गेलं. दारावर आम्ही ‘बंदूक आणू नये’ असा कागद चिकटवलाय. तेवढं पुरतं का? आणि त्याला अडवलं असतं तर केस आमच्यावरच झाली असती का?

ऑस्टिनहून

वहिनी, केसची भीती मनातून काढून टाका. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी अमेरिकेची दुसरी घटनादुरुस्ती सरकारला बांधते, दुकानदाराला नाही. आपल्या जागेत हत्यार नको म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मात्र तो कायद्याने सांगितलेल्या पद्धतीनेच बजावावा लागतो, आणि तिथे तुमचा कागद कमी पडतो.

टेक्सासमध्ये 1 जानेवारी 2016 पासून परवानाधारकांना पिस्तूल उघडपणे बाळगता येतं. 1 सप्टेंबर 2021 पासून तर 21 वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला परवानाही लागत नाही. पिस्तूल दिसत असेल तर ते होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात हवं, एवढंच. त्यामुळे दारावर लावायच्या मनाईच्या पाट्याही तीन झाल्या. टेक्सासच्या पीनल कोडचं (दंडसंहितेचं) कलम 30.05 विनापरवाना येणाऱ्यासाठी, 30.06 परवाना असून लपवून आणणाऱ्यासाठी, 30.07 परवाना असून उघड आणणाऱ्यासाठी. मजकूर कायद्यातच दिलाय, तोच छापायचा: इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, किमान 1 इंच उंचीची अक्षरं, उठून दिसणारा रंग, आणि प्रत्येक प्रवेशदाराशी. पार्किंगकडचं दार विसरू नका.

पाटी असूनही कुणी आत आला तर तो क्लास सी, म्हणजे सगळ्यांत हलक्या वर्गाचा गुन्हा, दंड जास्तीत जास्त 200 डॉलर. पण तोंडी सांगूनही बाहेर गेला नाही, तर त्याहून गंभीर, क्लास ए: 1 वर्षापर्यंत कैद, 4,000 डॉलरपर्यंत दंड. म्हणजे शब्दाला पाटीपेक्षा जास्त वजन आहे. हे सांगायचं काम गल्ल्यावरच्या पोरीवर कृपा करून टाकू नका. तुम्ही किंवा भाऊंनी लांबून, शांतपणे, एकदाच सांगायचं. नाही ऐकलं तर 911 वर पोलिसांना फोन. हात लावायचा नाही, वाद घालायचा नाही.

मोठ्या दुकानांचं उदाहरण पाहून गोंधळू नका. 3 ऑगस्ट 2019 ला एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला, 23 माणसं गेली. त्यानंतर वॉलमार्टने आणि क्रोगर या किराणा साखळीने गिऱ्हाइकांना उघडी बंदूक आणू नका म्हणून विनंती केली. नुसत्या पत्रकातली विनंती मोडल्याबद्दल पोलीस कुणाला धरू शकत नाहीत.

केटीहून, पेट्रोल पंपवाले काका

माझ्याकडे परवाना आहे आणि रात्री पंपावर एकटा असतो तेव्हा पिस्तूल जवळ असतं. ते बाळगणारा प्रत्येक जण गुंड नसतो, हे इथे कुणीतरी लिहायला हवं. मी दारावर फक्त 30.07 लावली आहे. लपवून बाळगणाऱ्या परवानाधारकाचा कुणालाच त्रास नाही, 30.06 मुद्दाम लावली नाही. वहिनी, तुम्हीही तेवढंच करा.

ऑस्टिनहून

काका, 30.06 न लावण्याचं तुमचं कारण मला पटतं. पण नुसत्या 30.07 ने उलटंच होतं. ती लागू होते परवानाधारकाला. ज्याने प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, तो अडतो; ज्याने यातलं काहीच केलं नाही, तो तुम्ही तोंडाने सांगेपर्यंत उघडं पिस्तूल लावून उभा राहू शकतो. तुम्हीसुद्धा 30.05 जोडाच.

वहिनी, आणखी एक. तुमच्या नोकरांपैकी कुणाकडे परवाना असेल आणि त्याने हत्यार कुलूपबंद गाडीत ठेवलं, तर मालक म्हणून तुम्ही त्याला मनाई करू शकत नाही. 2011 पासून तसा कायदा आहे.

शुगर लँडहून

खूप आभार. हे म्हणतात, 30.05 आणि 30.07 लावू, दोन्ही दारांवर. त्या मुलीला आजच सांगितलं की तिने काही बोलायचं नाही, आतून आम्हाला बोलवायचं. पाट्या बुधवारी छापायला देतेय. आणखी कुणा दुकानदाराला हव्या असतील तर मंगळवारपर्यंत कळवा, एकत्रच करून घेऊ. काका, तुमची 30.05 धरूनच चाललेय.