स्पीकरवर डग्गा पातळ, पेटी गायब. हेडफोनवर मात्र सगळं ठीक

गोदाकाठ (सिडको, नाशिक)

सेटअप असा: विंडोज ११ लॅपटॉप, दोन इनपुट-दोन आउटपुटचा यूएसबी इंटरफेस (माइक आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणारा डबा), रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर (इंटरफेसचाच आसिओ ड्रायव्हर), आणि आरसीए इनपुट असलेले ४ इंची पॉवर्ड स्पीकर.

भजनाच्या मिक्समध्ये गायन आणि तबला मध्यात, पेटी पूर्ण उजवीकडे, टाळ पूर्ण डावीकडे पॅन केलेत. हेडफोनवर सगळं जागच्या जागी. स्पीकरवर मात्र डग्ग्याचा घुमार जातो, गायन नळीतून आल्यासारखं वाटतं. पेटी नाहीच, तिचा रिव्हर्ब (प्रतिध्वनीचा परिणाम) तेवढा मागे कुठेतरी ऐकू येतो. गंमत म्हणजे एकाच स्पीकरला कान लावला तर डग्गा भरीव वाजतो. ड्रायव्हर दोनदा टाकून झाला.

दुसरी तक्रार: माइक इनपुट १ ला आहे आणि रेकॉर्ड झालेला आवाज फक्त डाव्या कानात येतो. दोन्हींचं मूळ एकच आहे का?

सातपूरकर

पहिली तक्रार फेजची आहे. एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, मग बास हवेतच एकमेकांना मारतो. एकट्या स्पीकरला कान लावल्यावर डग्गा परत येतो तो यामुळेच. तुमच्या जोडीत अ‍ॅम्प्लिफायर एकाच डब्यात असेल आणि दुसऱ्याला नुसती दोन तारांची वायर जात असेल, तर त्या वायरची लाल-काळी टोकं दोन्हीकडे सारखी लागलीत का बघा. दहापैकी सात वेळा तिथेच उलटसुलट झालेलं असतं.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग ऑडिओ, तिथे ‘मोनो ऑडिओ’ बंद आहे ना तेही पाहून घ्या.

पी३८_जॅक

सातपूरकर, फेज उलट आहे हे बरोबर, पण वायर उलटी लागल्याने पेटी नाहीशी होणार नाही. ती उजव्या स्पीकरमधून वाजेलच, एकट्या स्पीकरची फेज कानाला कळत नाही. मोनो सेटिंगही नाही. मोनोत पेटी दोन्हीकडे आली असती, शिवाय आसिओवरून जाणारा आवाज विंडोजच्या मिक्सरमधून जातच नाही.

गोदाकाठ, माझा अंदाज केबलवर आहे. एका टोकाला ६.३५ मिमीची स्टीरिओ पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढरे आरसीए, अशी एकच केबल घेऊन ती इंटरफेसच्या डाव्या आउटला खोचली आहे का?

तसं असेल तर सगळा हिशोब जुळतो. हेडफोनच्या सॉकेटात या स्टीरिओ (टीआरएस) पिनचं टोक म्हणजे डावा चॅनल, मधली रिंग म्हणजे उजवा. मागच्या लाइन आउटमध्ये मात्र तीच पिन एकाच चॅनलसाठी असते: टोकावर सिग्नल, रिंगवर तोच सिग्नल उलटा. याला बॅलन्स्ड म्हणतात. तुमच्या केबलने एका स्पीकरला डावा चॅनल सरळ दिला, दुसऱ्याला डावाच उलटा करून दिला. उजवा चॅनल केबलमध्ये शिरतच नाही, म्हणून पेटी गेली. रिव्हर्ब स्टीरिओ असल्याने त्याचा थोडा भाग डावीकडे पडतो, तेवढाच ऐकू येतो.

खात्री एका मिनिटात होते. रीपरमध्ये एकच ट्रॅक सोलो करा. पॅन पूर्ण डावीकडे नेल्यावर दोन्ही स्पीकर वाजले आणि पूर्ण उजवीकडे नेल्यावर दोन्ही गप्प झाले, तर गुन्हेगार केबलच.

(काही इंटरफेसच्या रिंगवर सिग्नल नसतोच, नुसता रेझिस्टर असतो. तिथे हीच केबल लावली तर दुसरा स्पीकर मुका राहतो आणि लोक स्पीकर दुरुस्तीला नेतात.)

उपाय: ६.३५ मोनो ते आरसीए, दीड मीटर, दोन सुट्या केबल. आउट १ डाव्याला, आउट २ उजव्याला. एम. जी. रोडला दुकानात ‘पी-३८ मोनो टू आरसीए’ म्हणा, लगेच कळतं. ‘स्टीरिओ’ शब्द तोंडातून निघाला की पुन्हा तीच केबल हातात पडेल. स्वतः जोडणार असाल तर आतली तार टोकाला, तिच्याभोवतीची तारांची जाळी बाहेरच्या भागाला. बॅलन्स्ड आउटला मोनो पिन लावल्यावर रिंग ग्राउंडला जाते. बहुतेक घरगुती इंटरफेसना ते चालतं, तरी मॅन्युअलमध्ये एकदा बघाच. आवाज कमी होईल ही भीती नको, आताही प्रत्येक स्पीकरला अर्धाच सिग्नल मिळत होता.

सातपूरकर

पेटीचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला. मान्य.

दुसरी तक्रार वेगळी आहे, तिचा केबलशी संबंध नाही. ट्रॅकचं इनपुट ‘स्टीरिओ १/२’ ठेवलंय, त्यामुळे १ वरचा माइक डावीकडे जातो आणि उजवीकडे इनपुट २ ची शांतता रेकॉर्ड होते. ट्रॅकवर ‘मोनो, इनपुट १’ निवडा. आधी झालेल्या टेक पुन्हा गायला नकोत: क्लिप निवडून एफ२ दाबा, चॅनल मोडमध्ये ‘मोनो (लेफ्ट)’ करा. ‘डाउनमिक्स’ करू नका, रिकाम्या उजव्या बाजूशी सरासरी होऊन आवाज ६ डीबीने उतरतो.

गाताना थेट ऐकतानाही एकाच कानात येत असेल तर इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं मोनो-स्टीरिओ बटण आहे का बघा. ते मोनोवर ठेवा. त्याचा रेकॉर्डिंगवर परिणाम होत नाही.

गोदाकाठ

पॅन उजवीकडे नेला, दोन्ही स्पीकर गप्प. केबल तीच होती, डाव्या आउटला. दोन मोनो केबल लावल्या, पेटी उजवीकडे आली आणि डग्गाही घुमतोय. जुन्या टेकही ‘मोनो (लेफ्ट)’ने सुधारल्या.

आता एक नवीनच: लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून बारीक ‘घूं’ येतो. काढला की बंद.

पी३८_जॅक

ग्राउंड लूप. स्पीकरचं अर्थिंग आणि चार्जरचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने जातात आणि मधे तुमच्या केबलची जाळी येते. अनबॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नलची परतीची वाटही तीच जाळी, म्हणून लूपचा करंट थेट ऐकू येतो. आधी लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, बहुतेकदा एवढ्यावर मिटतं. चार्जरची वायर ऑडिओ केबलला समांतर नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

तरीही राहिलाच तर केबलच्या मधे ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर, पण स्वस्तातला घेऊ नका. छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये खालचा बास कापला जातो, म्हणजे डग्गा परत पातळ. तोवर फायनल टेक बॅटरीवर घ्या.

तीन पिनी प्लगची अर्थची पिन मोडून घूं घालवायचा उपाय कोणी ना कोणी सांगेलच. तो करू नका. आत फॉल्ट झाला तर स्पीकरच्या धातूच्या पाठीवर आणि माइकच्या जाळीवर २३० व्होल्ट येऊ शकतात, आणि गाताना ओठ त्याच जाळीला टेकलेले असतात.