वेताळ अजून खांद्यावरून उतरत का नाही?

सांजवारा
माळा आवरताना चांदोबा मासिकाचे तीन जुने अंक सापडले. आवरणं राहिलं बाजूला, तिथंच ट्रंकेवर बसून तिन्ही संपवले. वय वर्षं ४७. खालून हाक आली, "अहो, वर झोप लागली की काय?"

चांदोबाचे चित्रकार शंकर यांचं ते चित्र आठवतंय ना? विक्रम राजाच्या हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत. पण मला खरं अडकवतं ते त्या प्रेतातल्या वेताळाचं, गोष्ट सांगून झाल्यावर कोडं विचारणं. मंदारवतीचीच गोष्ट घ्या. तिला तीन मागणीदार. ती मेल्यावर एक तिच्या राखेवर झोपतो, दुसरा अस्थी गंगेवर नेतो, तिसरा कुठूनसा मंत्र मिळवून तिला उठवतो. आता ती बायको कुणाची? विक्रम म्हणतो, उठवणारा तो बाप, अस्थी नेणारा मुलगा, राखेवर झोपला तो नवरा.

दहाव्या वर्षी हे मला साफ चूक वाटलं होतं. मंत्र आणायची खटपट केली कुणी? मधे वडिलांच्या आजारपणात दवाखान्यात रात्र रात्र स्टुलावर नुसता बसून काढली. आता राखेवर झोपणाऱ्याचं पारडं जड वाटतं. गोष्ट तीच आहे. असल्या पुस्तकांना 'लहान मुलांची' म्हणून माळ्यावर टाकणं मला पटत नाही.

खडूफळा
दादा, लिहिलंय छान, पण यात निम्मा वास जुन्या कागदाचा आहे. मी पाचवीला शिकवते. हीच गोष्ट वर्गात सांगितली, तर एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, पण तिला कुणी विचारलं का?" वर्ग हसला. मी नाही हसले. तीन पुरुष, एक राजा आणि एक भूत मिळून निकाल लावतात, आणि जिचा निकाल लावायचा ती आपली उभीच. हे टिकलं ते आपल्याला दुसरं काही दिलंच नाही म्हणून.

पिंपळपार
मुलीचा प्रश्न एक नंबर! पण 'दुसरं दिलंच नाही' हे काही खरं नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, आपला फाफे, होता की. फुरसुंगीचा बनेश, सायकल, ट्टॉक! ना जादू, ना भूत. आम्ही दोन्हींवर सारखाच हात मारला.

आणि मूळ गोष्टी पंचवीसच. ११ व्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागर' या संस्कृत कथासंग्रहात आहेत त्या. चांदोबावाल्यांनी त्या संपल्यावर नव्या रचून वर्षानुवर्षं गाडं चालवलं. म्हणजे टिकला तो साचा. बोललास तर पुन्हा पहिल्यापासून, उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं. आमच्या सोमवारच्या मीटिंगा वेगळ्या नसतात.

निम्माकप
आमच्या चिरंजीवांना चांदोबा दिला. दोन पानांत खाली ठेवला. "बाबा, सगळे राजे सारखेच बोलतात." तोच पोरगा हॅरी पॉटरचे सातही भाग कोळून प्यालाय. जादूचं वावडं नाही त्याला, मास्तरकीचं आहे. तिथला पोरगा चुकतो, चिडतो, वर्षागणिक मोठा होतो. तुमचा विक्रम पहिल्या गोष्टीत जेवढा शहाणा तेवढाच शेवटच्या.

सांजवारा
बाई, त्या मुलीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मला ४७ वर्षांत तो पडला नाही, हेही कबूल.

पण निम्माकप, शेवटच्या कोड्याला विक्रम हरतो हो! बापलेकांना वाटेत दोन बायकांच्या पावलांचे ठसे दिसतात. ठरतं असं, की मोठ्या पावलांची ती बापाला, लहान पावलांची मुलाला. गाठ पडते तेव्हा कळतं, त्या मायलेकी आहेत आणि मोठी पावलं लेकीची. शब्द दिलेला, म्हणून बाप लेकीशी लग्न करतो, मुलगा आईशी. दोघींना मुलं होतात. त्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला सुचतच नाही. गुपचूप चालत राहतो, आणि म्हणूनच वेताळ त्याच्यावर खूश होतो.

निम्माकप
हे नव्हतं माहीत. तरी पोरगा वाचेल असं वाटत नाही.

खडूफळा
ही गोष्ट मी वर्गात मुळीच सांगणार नाही. पण नातं काय लागतं हो? अर्धा तास कागदावर रेघा मारतेय, मामा आणि नातू एकाच चौकटीत येतायत.