कोटिंगवाला रॉड टाकला म्हणजे पस होत नाही?

ओटी सिस्टर, परभणी: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. "जास्त पैसे द्या, पण मोडलेल्या हाडात अँटिबायोटिक कोटिंगचाच रॉड टाका, पस होतच नाही." हे वाचून नातेवाईक आमच्याशी भांडतात. उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेली नडगी येते तेव्हा जखमेत माती, पाचट, पँटचे धागे असतात. ते नीट धुतलं नाही, मेलेलं मांस काढलं नाही, तर रॉडला काहीही लावा. रॉडवरचा जेंटामायसिन या अँटिबायोटिकचा थर बहुतेक औषध पहिल्या काही दिवसांतच सोडतो.

उमरगेकर: ताई, म्हणजे कोटिंग फुकटच म्हणायलाव का? माझ्या भावाला साधा रॉड टाकला. पस थांबेना, रॉड काढला, पुन्हा टाकला, रान विकलं. जंतूंनी धातूवर थर धरला की गोळ्या लागू पडत नाहीत, हे डॉक्टरच सांगतात. मग त्यांना बसूच न देणारा रॉड का नको?

जालन्याचा मास्तर: मूळ दुखणं वेगळंच आहे. गावोगावी मेडिकलवर अँटिबायोटिकच्या दोन-दोन गोळ्या तोडून देतात. जंतू निर्ढावले, आता कोटिंग तरी काय करणार?

मेडिकलवाला: खापर आमच्यावरच का? सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत आहेत; ती विकली की रजिस्टरला नोंद होते, ते तीन वर्षं जपावं लागतं. साध्या सर्दीला अँटिबायोटिक लिहितं कोण?

मास्तर: नोंद होते? आमच्या गावात चिठ्ठी कुणी मागतच नाही!

मेडिकलवाला: मग तक्रार करा. सगळ्यांना एका माळेत ओवू नका. कोंबड्यांच्या खाद्यातलं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक 2019 मध्ये बंद झालं, तोवर कुठं होता तुम्ही?

ओटी सिस्टर: भांडण आवरा. उमरगेकर, कॅन्सरमुळे हाड काढून मोठा कृत्रिम सांधा बसवतात, तिथं चांदीच्या थराचा फायदा दिसलाय. उघड्या फ्रॅक्चरलाही, म्हणजे हाड मोडून वर जखम झालेली असते तिथंही, जेंटाच्या रॉडचा विचार होतो. एवढं मानते. पण भावाला अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन कधी मिळालं? ते अपघातानंतर शक्यतो तासाभरात पडायला हवं.

उमरगेकर: एकानं दुसरीकडं पाठवलं, दुसऱ्यानं सोलापूरला. रात्र गेली. इंजेक्शन सकाळीच. पण आमच्याकडं तासात काहीच मिळत नाही, म्हणून तर कोटिंग मागायलोय.

ओटी सिस्टर: मग आधी हे मागा: रेफर करण्यापूर्वी इंजेक्शन आणि जखमेवर स्वच्छ पट्टी. त्याला लाखभर लागत नाहीत.

उमरगेकर: ते मागतोच. पण कोटिंग सोडणार नाही.