उतरतं छप्पर: मायलेज की नुसती स्टाईल?

कोथरूडकर_काका: हल्ली जी ती एसयूव्ही मागून छप्पर उतरवलेली, कूपे म्हणे, आणि शोरूमवाला लगेच "सर, एअरोडायनॅमिक आहे" सुरू. माझं मत स्पष्ट आहे, पुण्यात याचा काडीचा उपयोग नाही. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. सीडी (गाडीचा आकार वारा किती अडवतो तो आकडा, कमी तितका चांगला) ०.३५, समोरचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर धरा, ताशी ३० ला वारा अडवतो जेमतेम ३६ न्यूटन, आणि १४०० किलोच्या गाडीचे टायरच १४० च्या आसपास खातात. कर्वे रोडला ३० लागला तरी पेढे वाटा. त्यापायी मागच्याचं डोकं छताला टेकवायचं?

वारा_प्यालेलं_वासरू: काका, नुसता कर्वे रोडच करायचा तर स्कूटर घ्या ना. एक्सप्रेसवेला १०० वर वाऱ्याचा तोच ३६ चा आकडा ४०० च्या वर जातो. आणि ही शोरूमवाल्याची आयडिया नाहीये, १९३० च्या दशकात जर्मनीत वुनिबाल्ड काम यांनी दाखवलं होतं की छप्पर हळूहळू उतरवत न्यायचं आणि लांब शेपूट काढण्याऐवजी सरळ कापून टाकायचं, बराचसा फायदा मिळतो. टोयोटाची चौथ्या पिढीची प्रायस त्याच घाटाची, सीडी ०.२४. मागची बाजू उभी असली की तिथे कमी दाबाची पोकळी होते, गाडीला मागे ओढते. पावसात हॅचबॅकची मागची काच चिखलाने माखते ना, तो त्याच पोकळीचा प्रताप.

सिंहगडरोडवाली: उतार किती ते कोण बोलणार? १९८४ चा अहमद बॉडीचा प्रयोग बघा, गाडीसारख्या साध्या ठोकळ्याच्या मागचा उतार बदलत ड्रॅग, म्हणजे वाऱ्याचा विरोध, मोजला, साडेबारा अंशांच्या आसपास सगळ्यात कमी, ३० ला एकदम टोकाला. म्हणजे दिसायला झकास उतार उलटा अंगाशी येऊ शकतो. शिवाय लिफ्ट, म्हणजे वेगात हवा गाडीला वर उचलते ती. पहिल्या ऑडी टीटीचं गोल छप्पर, ऑटोबानवर अपघात झाले आणि मग मागे स्पॉयलर लावून द्यावा लागला.

कोथरूडकर_काका: हेच म्हणतोय! आणि सीडी एकटा मिरवू नका, क्षेत्रफळाने गुणा. ०.३० ची धूड एसयूव्ही, २.८ चौरस मीटर, ०.८४ झाले. ०.३३ ची बुटकी हॅचबॅक, २.२, ०.७३ म्हणा. गाडी लहान करा आधी.

लास्ट_इयर_मेक: मॉडेलवर टेस्ट करून बघू म्हणणाऱ्यांसाठी, १:१० मॉडेलवर रेनॉल्ड्स नंबर (वेग आणि आकार यांवरून निघणारा आकडा, तो जुळला तरच मॉडेलभोवती हवा खऱ्या गाडीसारखी वाहते) जुळवायचा तर १०० च्या गाडीसाठी १००० चा वारा लागतो, म्हणजे आवाजाच्या वेगाजवळ, तिथे हवा वेगळीच वागते. म्हणून मोठं मॉडेल नाहीतर अख्खी गाडीच विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडायच्या बोगद्यात, घालतात.

वारा_प्यालेलं_वासरू: ते ठीक, पण काका, तुमच्या गाडीवरचं रिकामं कॅरिअर कधी उतरवताय?

कोथरूडकर_काका: दिवाळीत गावी जायचंय, तोवर राहू दे.