'डिनर पार्टी' आणि घरात शिरलेला कॅमेरा

एक मत असं आहे की 'द ऑफिस' या विनोदी मालिकेच्या 'डिनर पार्टी' भागात (अमेरिकन आवृत्ती, सीझन 4, लेखकांच्या संपानंतरचा पहिला, एप्रिल 2008) विनोद कमी आणि छळच जास्त आहे. छळ आहे हे खरं, पण माझ्या मते अख्ख्या मालिकेतला हा सर्वांत धाडसी भाग.

मालिका माहितीपटासारखी चित्रित केलेली आहे, म्हणून ऑफिसात कॅमेरा असतो, त्याची सवय होते. इथे तो ऑफिसचा बॉस मायकल आणि त्याची प्रेयसी जॅन यांच्या घरात, पार बेडरूमपर्यंत जातो. मायकल भिंतीवरचा इवलासा प्लाझ्मा टीव्ही दाखवतो. जागा वाचावी म्हणून तो आणखी आत ढकलता येतो, हेही करून दाखवतो. टीव्ही जेमतेम बोटभर सरकतो आणि याच्या चेहऱ्यावर केवढं कौतुक! मागे हसण्याचा ट्रॅक नाही. हसायचं की कीव करायची, ते आपलं आपण ठरवायचं. पलंगाच्या पायथ्याशी असलेल्या बाकड्यावर तो झोपतो हे कळतं, तेव्हा तर मला हसूच येत नाही.

मी परळच्या चाळीत वाढले. शेजारच्या खोलीतलं भांडण शब्दन् शब्द ऐकू यायचं आणि आम्ही काहीच ऐकू येत नसल्यासारखे जेवत राहायचो. मायकल आणि जॅनच्या भांडणात अडकलेले पाहुणे, ऑफिसातले जिम आणि पॅम, यांची नेमकी तीच अवस्था आहे, फक्त त्यांना उठून दार लावून घ्यायची सोय नाही. जिम कॅमेऱ्याकडे बघतो ती कोणाला लकब वाटते. मला ती साक्षीदार शोधणारी नजर वाटते.

पुन्हा बघाल तेव्हा जॅन आपल्या जुन्या असिस्टंटचं, हंटरचं, गाणं लावते तिथे पॅमकडे लक्ष ठेवा.