शब्दचर्चा : ट्रान्सपोर्टर प्रथिनांना ‘वाहक’ म्हणावे का?

प्रश्न : नाशिकमधील आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी रोनाल्ड कॅबॅक या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाच्या संशोधनावर मी लेख लिहीत आहे. पेशीपटलातील (पेशीभोवतीच्या पातळ आवरणातील) ज्या ट्रान्सपोर्टर, म्हणजे पदार्थ आरपार नेणाऱ्या, प्रथिनांवर त्यांनी काम केले, त्यांना ‘वाहक प्रथिने’ म्हणावे की ‘वहनप्रथिने’? ‘सिम्पोर्ट’ (दोन पदार्थ एकाच दिशेने नेणे) आणि ‘अँटिपोर्ट’ (दोन पदार्थ विरुद्ध दिशांनी नेणे) यांसाठीही शब्द सुचवावेत.

उत्तर १ : ‘वहनप्रथिन’ लिहावे. ‘वाहक’ म्हटले की आपल्याकडे एसटीचा वाहक आठवतो, आणि तो गाडीबरोबर गावोगाव फिरतो. हे प्रथिनही साखर घेऊन पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाते, असा वाचकाचा समज होईल. एके काळी शास्त्रज्ञांनीही तशी कल्पना केली होती, पण ती टिकली नाही. प्रथिन जागीच राहते आणि रेणू धरणारी त्याची जागा आळीपाळीने आत व बाहेर उघडते, असे प्रारूप ओलेग जार्डेत्स्की यांनी १९६६ साली मांडले.

कॅबॅक यांच्या कामाचे मोल इथेच कळते, म्हणून लेखात त्याला भरपूर जागा द्यावी. ई. कोलाय जिवाणूत लॅक्टोज (दुधातील साखर) आत आणणाऱ्या ‘लॅक्टोज पर्मिएज’ या ज्या प्रथिनाचा त्यांनी दीर्घकाळ पिच्छा पुरवला, त्यात ४१७ अमिनो आम्ले असून त्याची साखळी पटलातून १२ वेळा आरपार जाते. त्यातील मूळची सर्व सिस्टीन (एक अमिनो आम्ल) त्यांच्या गटाने काढून टाकली, तरीही प्रथिन काम करत राहिले. मग एकेका स्थानी एकेक सिस्टीन बसवून, कोणत्या जागेवाचून अडते आणि कोणती जागा केव्हा उघडी पडते, हे त्यांनी चिकाटीने तपासले. २००३ साली त्याची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा साखरेची जागा रेणूच्या मध्यभागी, आतल्या बाजूस उघडी आणि बाहेरून मिटलेली दिसली.

या प्रथिनाचे ‘पर्मिएज’ हे नाव पॅरिसमधील जाक मोनो यांच्या गटाचे. शेवटच्या ‘एज’मुळे ते विकर (एन्झाइम) वाटते, पण लॅक्टोज त्यातून न बदलता आत येते, ते फोडण्याचे काम दुसऱ्याच विकराचे असते. त्यामुळे ‘पर्मिएज’ तसेच ठेवावे, त्याला ‘विकर’ जोडू नये.

सिम्पोर्टला ‘सहवहन’ आणि अँटिपोर्टला ‘प्रतिवहन’ म्हणता येईल. पर्मिएजमध्ये लॅक्टोजच्या एका रेणूबरोबर एक प्रोटॉन आत येतो, हे सहवहनाचे सरळ उदाहरण आहे. सोडियम-पोटॅशियम पंपाला मात्र ‘पंप’च म्हणावे, कारण तो एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून ३ सोडियम आयन बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आयन आत घेतो.

उत्तर २ : एसटीचे उदाहरण मला पुरेसे वाटत नाही. पदार्थविज्ञानात तांब्याची तार विजेची वाहक असते आणि ती कुठेही जात नाही. रुळलेला शब्द सोडण्याचे कारण काय?

उत्तर १ : आपला आक्षेप रास्त आहे, परंतु त्याच अर्थामुळे माझी अडचण वाढते. तारेतील वाट सतत खुली असते. पटलातील आयन-मार्गिका (आयनांना वाट देणारी प्रथिने) उघडल्यावर तशाच खुल्या असतात, आणि पोटॅशियमच्या मार्गिकेतून सेकंदाला १० कोटींपर्यंत आयन जाऊ शकतात. पर्मिएजमध्ये दोन्ही बाजू एकाच वेळी उघड्या नसतात. तशा असत्या, तर आतबाहेरचा प्रोटॉनांचा जो फरक साखर आत ओढतो तोच गळून गेला असता. या प्रथिनांचा वेग मार्गिकांच्या तुलनेत फार कमी असतो, तोही यामुळेच. तारेच्या अर्थाने ‘वाहक’ घेतला तर मार्गिका आणि वहनप्रथिन यांतील भेद पुसला जाईल. लेखात आपल्या भागातले उदाहरण हवे असल्यास द्राक्षाचे घ्यावे : पिकत्या मण्यातील साखर पेशींच्या रिक्तिकांत (पेशीतील द्रवभरल्या पिशव्यांत) साठते आणि रिक्तिकेच्या पटलातून तिला आत घेण्याचे काम वहनप्रथिनेच करतात.